पारदर्शक माशाची साक्ष

ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेतील फ्रान्सिस बुकानन हा स्कॉटिश वैद्य १८०७ ते १८१४ या काळात बंगाल व बिहारच्या पाहणीवर हिंडत होता. टिपूच्या पाडावानंतर म्हैसूर, कानडा व मलबार या मुलखांची पाहणी करून त्याने आपली चौकस वृत्ती आधीच दाखविली होती. पिके, बाजारभाव, हातमाग, देवळे यांच्या नोंदी करता करता हा गृहस्थ नद्यांतील मासेही न्याहाळीत असे आणि त्यांची चित्रे काढवून घेई. मायदेशी परतल्यावर त्याने हॅमिल्टन हे आडनाव धारण केले आणि १८२२ साली गंगा व तिच्या उपनद्या यांतील माशांवरचा ग्रंथ एडिंबरोत प्रसिद्ध केला. त्यातील अडीचशेहून अधिक जातींमध्ये कोसी नदीतील एका दीड इंची माशाचे वर्णन आहे. अंगावर आडवे निळसर पट्टे, भातखाचरांत व ओढ्याकाठच्या उथळ पाण्यात वावर, आणि बाजारात किंमत म्हणाल तर कवडीचीही नाही. हॅमिल्टनने त्याला ‘रेरिओ’ म्हटले. ‘डॅनिओ’ या त्याच्या कुलनामामागे बंगालीतील ‘धानी’, म्हणजे भातशेतातला, हा शब्द आहे. इंग्रजी बोलणारे लोक त्याला झेब्रा मासा म्हणतात. काठावरच्या मुलांनी ओंजळीत पकडावा व पुन्हा सोडून द्यावा, एवढीच ज्याची योग्यता, अशा या जीवावर क्षयरोगाच्या इतिहासातील एक मोठे प्रकरण उभे राहिले आहे. ते सांगण्याआधी साठ वर्षे पुढे यावे लागेल.

२४ मार्च १८८२ रोजी रॉबर्ट कॉख याने बर्लिन येथे क्षयाचा जंतू सापडल्याचे जाहीर केले. त्याच वर्षाच्या अखेरीस सिसिली बेटावरील मेसिना या बंदरात एली मेचनिकॉफ हा रशियन प्राणिशास्त्रज्ञ तारामाशाच्या डिंभाकडे सूक्ष्मदर्शकातून पाहत होता. हे डिंभ काचेसारखे आरपार दिसतात. त्याने एकाच्या अंगात गुलाबाचा काटा खुपसला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तो काट्याभोवती फिरत्या पेशींचा गराडा पडलेला! अंगात शिरलेल्या परक्या वस्तूला घेरून गिळणाऱ्या पेशी प्राण्यांच्या शरीरात असतात आणि रोगप्रतिकाराचा भार मुख्यतः त्यांच्यावर असतो, हा सिद्धान्त त्याने यातून मांडला. यांतील मोठ्या पेशींना त्याने दिलेले ‘मॅक्रोफेज’ हे नाव आजही रूढ आहे. मराठीत त्यांना भक्षकपेशी म्हणता येईल. १९०८ साली त्याला पॉल एर्लिक याच्यासमवेत नोबेल पारितोषिक मिळाले. मेचनिकॉफच्या बुद्धीचे कौतुक पुष्कळ झाले. परंतु त्याचा प्राणी पारदर्शक होता, या गोष्टीचे मोल मात्र फारसे कोणी ओळखले नाही.

क्षयाच्या अभ्यासात नेमकी हीच उणीव होती. क्षयाचा जंतू फुप्फुसात शिरला की भक्षकपेशी त्याला गिळतात. पण गिळला तरी तो पचत नाही. पेशीच्या पोटात राहून तेथेच वाढतो. मग त्या पेशीभोवती आणखी पेशी गोळा होतात, एकमेकींना चिकटतात आणि त्यांची एक गाठ बनते. तिला ग्रॅन्युलोमा म्हणतात, आणि ती क्षयाची ओळखच होय. विकृतिशास्त्राच्या पुस्तकांतून या गाठीचे वर्णन पिढ्यान्‌पिढ्या एका रूपकाने होत आले: शत्रूला कोंडण्यासाठी शरीराने उभारलेला कोट. रूपक सोपे होते, मनाला पटणारेही होते. परंतु त्याचा आधार काय? मृत रोग्यांच्या फुप्फुसांचे पातळ काप. लढाई संपल्यावर मोकळे रणांगण पाहून, आधी कोणी चाल केली आणि दरवाजा कोणी उघडला, हे ठरविण्यासारखाच तो प्रकार होता. जिवंत माणसाच्या छातीत गाठ पहिल्या दिवशी कशी जमते, हे कोणी पाहिले नव्हते व पाहणे शक्यही नव्हते.

माशांनाही क्षय होतो, हे मात्र बऱ्याच आधी कळले होते. १८९७ साली फ्रान्समध्ये बतायाँ, द्युबार आणि तेर्र या तिघांनी एका तळ्यातील कार्प माशाच्या गाठींतून क्षयजंतूसारखा जंतू वेगळा केला. त्या तळ्यात एका क्षयी रोग्याची थुंकी पडत असे; तेव्हा माणसाचाच जंतू पाण्यात राहून पालटला की काय, अशी शंका निघाली. ती पुढे टिकली नाही. यापेक्षा महत्त्वाचा शोध १९२६ सालचा. फिलाडेल्फिया येथील मत्स्यालयात खाऱ्या पाण्यातील मासे मरत होते. जोसेफ आरन्सन याने त्यांच्या यकृत-प्लीहांतील गाठी तपासून त्यांत एक जंतू ओळखला व त्याला ‘मायकोबॅक्टेरियम मरिनम’ हे नाव दिले. हा क्षयजंतूचा जवळचा भाऊबंद. १९५१ साली स्वीडनमध्ये पोहण्याच्या तलावात उतरणाऱ्यांच्या कोपरा-गुडघ्यांवर चिवट फोड उठले, त्यामागेही तोच होता. त्याला थंडावा मानवतो, म्हणून माणसाच्या अंगात तो कातडीपलीकडे सहसा जात नाही. हौसेने घरात मासे पाळणाऱ्यांच्या बोटांवर तो आजही अधूनमधून आढळतो. क्षयजंतूला एकदा दुभंगण्यास जवळजवळ एक दिवस लागतो, याला काही तासच पुरतात. आणि २००८ साली त्याचा संपूर्ण जनुकसंच वाचला गेला तेव्हा क्षयजंतूशी त्याची सुमारे ३००० जनुके जुळतात असे दिसून आले.

जंतू असा हाताशी होता. योग्य यजमान मिळायचा होता. तो मिळवून देण्याचे श्रेय जॉर्ज स्ट्राइसिंगर याच्याकडे जाते. बुडापेस्ट येथे जन्मलेला व बालपणीच कुटुंबासह अमेरिकेत आलेला हा शास्त्रज्ञ ऑरेगन विद्यापीठात होता. आनुवंशिकतेच्या अभ्यासासाठी त्याला पाठीचा कणा असलेला, स्वस्त व भराभर वाढणारा प्राणी हवा होता. त्याने निवड केली ती पाळीव प्राण्यांच्या दुकानात मिळणाऱ्या आपल्या कोसीकाठच्या झेब्रा माशाची. १९८१ साली त्याचा मुख्य निबंध प्रसिद्ध झाला. १९८४ साली तो वारला. त्याच्या मागे या माशाच्या अभ्यासाची परंपराच निर्माण झाली. या माशाचे अंडे आईच्या पोटाबाहेर फलते, एका दिवसात हृदय हलू लागते, आणि पहिले काही दिवस पिल्लू अगदी पारदर्शक असते. रक्तातील एकेक पेशी वाहताना दिसते. १९९९ साली पॅरिसमध्ये फिलिप एर्बोमेल व त्याच्या सहकाऱ्यांनी एक दिवसाच्या गर्भातल्या भक्षकपेशी रक्तात सोडलेल्या जंतूंना टिपून गिळताना प्रत्यक्ष पाहिल्या. मेचनिकॉफचा काटा शंभराहून अधिक वर्षांनी पुन्हा हाती आला असे म्हणावयास हरकत नाही. फरक एवढाच की या वेळी प्राणी कणाधारी होता.

येथे डॉ. ललिता रामकृष्णन यांचे नाव येते. बडोद्यात वाढलेल्या, तेथील वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेऊन अमेरिकेत गेलेल्या या विदुषीने स्टॅन्फर्ड येथे स्टॅन्ली फॉल्को यांच्या प्रयोगशाळेत ‘मरिनम’वर काम सुरू केले. प्रथम तिने बेडूक वापरले. नंतर सिॲटलला झेब्रा माशाकडे वळली. क्षयावर काम करावयाचे आणि क्षयाचा जंतूच वापरावयाचा नाही, फुप्फुसे नसलेला प्राणी घ्यावयाचा, ही कल्पना त्या वेळी अनेकांना विचित्र वाटली असल्यास नवल नाही. परंतु माशाच्या पिल्लाची एक उणीव येथे वरदान ठरली. रोगप्रतिकाराची दोन अंगे असतात. एक जन्मजात: भक्षकपेशी व त्यांचे सगेसोयरे. दुसरे अर्जित: विशिष्ट शत्रूला ओळखून त्याची आठवण ठेवणाऱ्या पेशी. हे दुसरे अंग झेब्रा माशात कामाला लागण्यास काही आठवडे जातात. म्हणजे पहिल्या दिवसांत पिल्लाजवळ असते ते केवळ पहिले अंग. ग्रॅन्युलोमा ही दुसऱ्या अंगाची निर्मिती आहे, असे तोवर सर्वत्र शिकविले जात होते. तसे असते तर पिल्लात गाठ व्हावयास नको होती. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात दिसले ते उलट. जंतू टोचल्यावर थोड्याच दिवसांत भक्षकपेशी आपसात जमल्या आणि गाठ झाली. आठवण ठेवणाऱ्या पेशींचा तेथे पत्ताही नव्हता.

मग साहजिकच प्रश्न आला की ही गाठ बांधतो कोण? शरीर की जंतू? उत्तर शोधताना बीसीजी या लशीचा जुना धागा पुढे आला. श्रोत्यांपैकी अनेकांच्या दंडावर तिची खूण असेल. काल्मेत व गेराँ यांनी १९०८ पासून १३ वर्षे गाईच्या क्षयाचा जंतू पुनःपुन्हा वाढवून निर्जोर केला आणि १९२१ साली ती लस प्रथम माणसाला दिली. तो निर्जोर का झाला, हे त्यांनाही ठाऊक नव्हते. १९९६ साली कळले की त्याच्या जनुकसंचातून एक तुकडा गळून गेला आहे. त्याला ‘आरडी १’ असे नाव मिळाले. हा तुकडा म्हणजे काही प्रथिने पेशीबाहेर फेकणाऱ्या यंत्रणेचा भाग होय. आता ‘मरिनम’मधून हाच तुकडा काढून टाकला व तो जंतू माशाच्या पिल्लाला दिला, तेव्हा गाठी नीट जमेनात आणि जंतूही फारसे वाढेनात. हा निबंध २००४ सालचा. योगायोग असा की मत्स्यालयातील जंतू ओळखणारा तोच जोसेफ आरन्सन १९३५ पासून अमेरिकेतील आदिवासींमध्ये बीसीजीची चाचणी करीत होता, आणि त्या चाचणीतील लोकांचा साठ वर्षांचा पाठपुरावाही २००४ सालीच प्रसिद्ध झाला. त्यात लशीने निम्म्याहून किंचित अधिक संरक्षण दिल्याचे आढळले. आपल्याकडे चेंगलपट्टू येथे १९६८ पासून झालेल्या प्रचंड चाचणीत मात्र फुप्फुसाच्या क्षयापासून तिने संरक्षण दिल्याचे दिसले नाही. या विसंगतीचा उलगडा माशाने केला असे कोणी म्हणू नये. त्याने एवढेच दाखविले की लशीतून जे गळाले होते, ते गाठ बांधण्याचेच हत्यार होते.

पुढचा पुरावा अधिक धक्कादायक होता. ज्यांच्यात भक्षकपेशी तयारच होऊ दिल्या नाहीत अशा पिल्लांत जंतू अधिक माजले खरे, परंतु ते रक्तातच राहिले. आतल्या ऊतींत शिरू शकले नाहीत. म्हणजे भक्षकपेशी जंतूंना मारतही होत्या आणि त्यांना पाठीवर घेऊन आत पोहोचवीतही होत्या. २००९ साली म्यूस डेव्हिस व रामकृष्णन यांनी तासन्‌तास सूक्ष्मदर्शकाखाली पिल्ले ठेवून जे पाहिले त्याने किल्ल्याचे रूपक पार बदलले. गाठीतील एखादी जंतूंनी भरलेली पेशी मरते. तिचे मढे उचलण्यासाठी नव्या भक्षकपेशी धावत येतात. एका मेलेल्या पेशीचा माल दोन-तीन ताज्या पेशींत वाटला जातो. त्याही यथावकाश मरतात. जंतूला वाढावयास जागा हवी, आणि ती जागा शरीर स्वतः पायी चालवून आणून देत होते. काही पेशी गाठीतून निघून दूर जात व तेथे नवी गाठ सुरू करीत. सामान्यतः मेलेल्या पेशींची सफाई हे शरीराचे पुण्यकर्मच. जंतूने त्याचाच लाभ घेतला.

हे बोलावणे कोणत्या भाषेत जाते, तेही दुसऱ्या वर्षी कळले. ‘आरडी १’च्या यंत्रणेतून बाहेर पडणारे एक प्रथिन शेजारच्या आवरणपेशींना चेतविते. त्या ‘एमएमपी-९’ नावाचे एंझाइम सोडतात, आणि त्याच्यामुळे नव्या भक्षकपेशी गाठीकडे ओढल्या जातात. ज्या पिल्लांत हे एंझाइम बनू दिले नाही त्यांत गाठी थोड्या झाल्या व पिल्ले अधिक जगली. २०१४ साली याच गटाने आणखी एक डाव उघड केला. जंतूच्या अंगावरील एक मेद त्याची ओळख पटविणाऱ्या खुणा झाकून ठेवतो, म्हणून जहाल भक्षकपेशी त्याच्याकडे वळत नाहीत. दुसरा मेद मवाळ पेशींना बोलावून घेतो. शत्रूने फाटकावर स्वतःच्या पसंतीचे पहारेकरी नेमावेत, तसे हे झाले.

पण साऱ्या कथेतील सर्वांत मोलाचा भाग याहून वेगळा आहे. सगळी पिल्ले सारखी आजारी पडत नाहीत, याचे कारण काय? डेव्हिड टोबिन व त्याच्या सहकाऱ्यांनी जनुके बिघडविलेल्या पिल्लांच्या अनेक वंशांना जंतू टोचून पाहिले. एका वंशात जंतू बेसुमार वाढले. त्याचे ‘एलटीए४एच’ नावाचे जनुक नादुरुस्त होते. या जनुकाचे एंझाइम एका मेदरेणूपासून दाह वाढविणारा पदार्थ बनविते. ते नसेल तर तोच कच्चा माल दुसऱ्या वाटेने जाऊन दाह शमविणारा पदार्थ बनतो, आणि मग टीएनएफ हे भक्षकपेशींना बळ देणारे प्रथिन कमी पडते. २०१० साली हे प्रसिद्ध झाले तेव्हा त्याला जोडून व्हिएतनाममधील क्षयरोग्यांचा व नेपाळमधील कुष्ठरोग्यांचा पडताळाही होता. माणसातही या जनुकाचे प्रकार असतात, आणि ज्यांना आईबापांकडून एकेक वेगळा प्रकार मिळाला आहे ते अधिक सुरक्षित दिसले. दोन्ही टोकांचे लोक धोक्यात आणि मधले सुखरूप, हे कसे? त्याचा उलगडा पुन्हा माशानेच केला. ज्या पिल्लांत हे एंझाइम प्रमाणाबाहेर वाढविले, त्यांचाही नाश झाला. टीएनएफ अति झाले की भक्षकपेशी प्रथम जंतू जोमाने मारते, पण लवकरच स्वतः फुटते. आतले उरलेसुरले जंतू बाहेर पडतात व मोकळ्या जागेत माजतात.

टीएनएफ कमी पडले तर काय होते, याचा कटू अनुभव वैद्यांना होताच. संधिवातावर टीएनएफ दाबणारे औषध घेणाऱ्या काही रोग्यांत सुप्त क्षय उफाळल्याचे २००१ साली नोंदले गेले होते. अतिरेकाचा धोका मात्र नवा होता, आणि त्याचा संबंध थेट एका भयंकर आजाराशी पोहोचला. मेंदूच्या आवरणांचा क्षय ज्यांना होतो त्यांतील पुष्कळजण औषधे चालू असतानाही दगावतात. २००४ साली व्हिएतनाममध्ये ५४५ रोग्यांवर झालेल्या चाचणीत जंतुनाशक औषधांच्या जोडीला डेक्सामेथासोन हे दाहशामक दिल्याने मृत्यू कमी झाले होते. पण कोणाचे? २०१२ साली त्या चाचणीतील रोग्यांची जनुके तपासली, तेव्हा लाभ प्रामुख्याने अतिदाहाच्या प्रकाराच्या लोकांना झाल्याचे दिसले. ज्यांचा दाह मुळातच मंद, त्यांना तो मिळाला नव्हता. दीड इंची माशावरून निघालेला तर्क हो चि मिन्ह नगरातील रुग्णशय्येपर्यंत गेला, ही गोष्ट लहान नव्हे.

तथापि येथे घाई नको. व्हिएतनाममध्येच २०१७ साली झालेल्या दुसऱ्या अभ्यासाने या संबंधाला दुजोरा दिला, पण त्याच वर्षी इंडोनेशियातील ६०० हून अधिक रोग्यांच्या अभ्यासात हे जनुक पाहून मृत्यूचे भाकीत करता येईना. देश बदलतो, रोगी किती उशिरा येतो ते बदलते, सोबतचे आजार बदलतात. मासा एका यंत्रणेचे अस्तित्व सिद्ध करतो; ती कोणत्या गावी किती चालते हे त्याला विचारून उपयोग नाही. माशाचा व माणसाचा समाईक पूर्वज चाळीस कोटींहून अधिक वर्षांपूर्वीचा. एवढ्या काळात फुप्फुसे आली, रक्त उष्ण झाले. तरी टीएनएफची भाषा दोघांना अजून कळते.

पुढील वर्षांत संशोधन भक्षकपेशीच्या आत शिरले. २०१३ मध्ये फ्रान्सिस्को रोका व रामकृष्णन यांनी दाखविले की टीएनएफच्या अतिरेकाने पेशीतील ऊर्जाकेंद्रे, म्हणजे मायटोकॉन्ड्रिया, ऑक्सिजनचे दाहक रेणू निर्माण करतात व त्यातून पेशी फुटते. २०१९ साली या साखळीतील कॅल्शियमचा दुवा सापडला, आणि रक्तदाबावर नेहमी दिल्या जाणाऱ्या डिल्टियाझेमसारख्या औषधाने पिल्लांतील ही फूट थांबली. २०२२ साली मधुमेहावरच्या मेटफॉर्मिननेही तेच साधले. ही औषधे जुनी, स्वस्त व आपल्या कोणत्याही तालुक्याच्या गावी मिळणारी. जगातील सुमारे एक चतुर्थांश क्षयरोगी भारतात आहेत हे ध्यानात घेता या बातमीकडे कान लागणे स्वाभाविक आहे. मात्र पिल्लांत ठरलेली गोष्ट माणसात ठरण्यास चाचणीच करावी लागते.

आणि त्या तटबंदीचे काय? तिचाही हिशेब २०१६ साली झाला. टोबिनच्या ड्यूक विद्यापीठातील गटाने मोठ्या झेब्रा माशांतील पक्व गाठी तपासल्या. तेथे भक्षकपेशींनी आपले रूपच पालटले होते. कातडीच्या पेशी जशा ई-कॅडहेरिन या प्रथिनाने एकमेकींना बिलगून असतात, तशा त्या हातात हात घालून उभ्या होत्या. भिंत खरोखर होती. ती शत्रूला कोंडणारी असेल तर ती ढिली केल्यावर जंतू मोकाट सुटावयास हवे होते. संशोधकांनी ती ढिली केली. बाहेर थांबलेल्या पेशी आत शिरल्या, जंतू घटले आणि मासे अधिक दिवस जगले.